रेवडी, मुकुट आणि एकवीस धावा

नगर जिल्ह्यात गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. दुपार कलली की हलगी कडाडू लागते, आखाड्याभोवती माणसांचे कडे पडते आणि प्रथम लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. या कुस्त्या रेवड्यांवरच्या. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत मूठभर रेवड्या पडतात आणि तो आखाड्याबाहेर येईपर्यंत सोबत्यांनी त्या संपवलेल्याही असतात. आठ-नऊ वर्षांचा असताना मीही अशा एका हगाम्यात उतरलो होतो आणि क्षणार्धात चितपट झालो होतो. रडत बाहेर आलो, तेव्हा वस्तादांनी माझ्या पाठीवरची माती झाडली आणि मला पुन्हा आत पाठवले. जिंकलेल्या मुलाच्या हातात हात देऊन आणि पंचांच्या पाया पडून आल्यावरच मला घरी जाण्याची परवानगी मिळाली.

पुढे सेमिनरीत संत पौलाच्या पत्रांचा अभ्यास करताना हा प्रसंग मला वारंवार आठवत असे. मिस्सामध्ये आपण ही पत्रे वर्षानुवर्षे ऐकतो. त्यांतील धावण्याचे, मुष्टियुद्धाचे आणि मुकुटाचे दाखले आपल्या कानांवरून जातात. परंतु ते लिहिणाऱ्या प्रेषिताच्या डोळ्यांपुढे खरोखरीचे मैदान होते, खरा घाम आणि खरी धूळ होती, हे क्वचितच आपल्या ध्यानात येते. या दाखल्यांचा इतिहास करिंथपासून आपल्या नगरच्या मातीपर्यंत थोडक्यात मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

करिंथचे मैदान

करिंथ हे दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले व्यापारी शहर. त्याच्या जवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत. ग्रीक जगतात ऑलिम्पियाच्या खालोखाल ज्यांची कीर्ती होती अशा सामन्यांपैकी हे एक. संत पौल करिंथ येथे दीड वर्ष राहिला, असे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकावरून दिसते. गल्लियो नावाच्या रोमन अधिकाऱ्यापुढे त्याला उभे करण्यात आले होते. या गल्लियोचा उल्लेख असलेला शिलालेख डेल्फी येथे सापडला असून त्यावरून पौलाचा करिंथमधील मुक्काम इ. स. ५० ते ५२ या काळात ठरवता येतो. इ. स. ५१ च्या सामन्यांच्या वेळी तो तेथे असण्याचा संभव अभ्यासकांना फार वाटतो. पौल तंबू बनवण्याचा व्यवसाय करीत असे. सामन्यांना लोटणाऱ्या हजारोंच्या निवाऱ्यासाठी तंबू लागत. तेव्हा प्रेषिताने ते मैदान नुसते ऐकून नव्हे, तर जवळून पाहिलेले असावे.

या सामन्यांतील विजेत्याला सोन्यारुप्याचे बक्षीस मिळत नसे. त्याच्या मस्तकावर पाइनच्या डहाळीचा किंवा वाळलेल्या सेलरीचा मुकुट चढवीत. सेलरी म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या कुळातील एक पालेभाजी. एवढ्यासाठी मनुष्य महिनोन्महिने आहारविहार सांभाळतो, मग कधीही न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आपण काय करावयास हवे, असा प्रश्न पौलाने करिंथकरांपुढे ठेवला. यात्रेतल्या रेवड्या ज्याने चाखल्या आहेत, त्याला हा युक्तिवाद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्रीकांच्या या खेळांत नियमांना मोठे स्थान होते. ऑलिम्पियाला उतरणाऱ्या खेळाडूला आपण सलग दहा महिने नियमाप्रमाणे तालीम केली आहे, अशी शपथ देवतेपुढे घ्यावी लागे. इ. स. पूर्व ३८८ मध्ये एका मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांना लाच दिल्याचे उघडकीस आले. त्या दंडाच्या रकमेतून झ्यूस देवाचे पुतळे घडवून ते मैदानाच्या वाटेवर उभे करण्यात आले. आत शिरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ते दिसत. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नियमाप्रमाणे न लढणाऱ्याला मुकुट नाही असा जो आशय येतो, त्याच्या पाठीशी अशी जुनी परंपरा आहे.

तेल आणि तालीम

आरंभीच्या ख्रिस्तसभेने हा दाखला केवळ प्रवचनात ठेवला नाही. इ. स. २०३ च्या मार्च महिन्यात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे पर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची तरुण माता रक्तसाक्षी झाली. तिच्या कडेला अंगावर पिणारे मूल होते. तुरुंगात तिने लिहून ठेवलेली टिपणे आजही उपलब्ध आहेत. मृत्यूच्या आदल्या दिवशी तिला दृष्टान्त झाला. आपण आखाड्यात उतरलो आहोत, सोबती आपल्या अंगाला तेल चोळीत आहेत आणि एका धिप्पाड मल्लाशी आपली कुस्ती लागली आहे, असे तिने पाहिले. त्या मल्लाला तिने पाडले आणि सोन्याची फळे लागलेली हिरवी डहाळी तिला मिळाली. जागी झाल्यावर तिला उमगले, की उद्याची झुंज खरोखर श्वापदांशी नसून सैतानाशी आहे.

तेल चोळण्याची ही गोष्ट आपल्या उपासनेतही शिरली. चौथ्या शतकातील मिलानचे महागुरुस्वामी संत अंब्रोज यांनी नवदीक्षितांना समजावले होते, की स्नानसंस्कारापूर्वी तुम्हांला जे तेल लावले, ते ख्रिस्ताच्या मल्लाला लावलेले तेल होय. आजही बालकाच्या छातीवर धर्मगुरू तेल लावतो, तेव्हा आईबापांना तो एक लहानसा विधी वाटतो. खरे पाहता ते लेकरू त्या क्षणी तालमीत दाखल होत असते.

तपस्येसाठी चर्चमध्ये जो ग्रीक शब्द रूढ झाला, त्याचा मूळ अर्थही सराव किंवा तालीम असाच आहे. सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नाती यांनी आपल्या प्रार्थना-पुस्तकाला ‘आत्मिक व्यायाम’ अशा अर्थाचे नाव दिले आणि चालणे-धावणे जसे शरीराला, तसे हे आत्म्याला, असे त्याच्या प्रारंभीच सुचवले. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी या पुस्तकाला मान्यता दिली. याच इग्नातींच्या येशूसंघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या जिल्ह्यात आले आणि राहुरी तालुक्यातील वळण, केंदळ यांसारख्या गावांत त्यांचे कार्य रुजले. आपल्या वाडवडिलांनी हाती धरलेली जपमाळ, उपवासकाळातील उपास आणि पापनिवेदन हे त्या तालमीतले जोर आणि बैठका होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘इतर’ संघाचा फलंदाज

आता आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील एका खेळाडूकडे वळू. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी मुंबईत क्रिकेटची मोठी स्पर्धा धर्मावर आधारलेल्या संघांत खेळली जाई. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ होते. १९३७ मध्ये त्यांत पाचवा संघ आला. त्याचे नाव ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’. ज्यांना कोठेच स्थान नव्हते असे ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडू या संघात असत. आपल्या समाजाची ओळख ‘उरलेले’ अशी व्हावी, हे त्या दिवसांतील ख्रिस्ती घरांना कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

१९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर हिंदू आणि ‘इतर’ यांचा अंतिम सामना झाला. हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट नाबाद २५० होते. ‘इतर’ संघ १३३ धावांत गारद झाला. त्यांतील ५९ धावा हजारे यांच्या. पुन्हा फलंदाजीस आल्यावरही गडी भराभर पडू लागले. तेव्हा विजय हजारे यांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू विवेक आले. दोघांनी मिळून ३०० धावांची भागीदारी केली. त्या ३०० मध्ये विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या २१. ‘इतर’ संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. एवढे करूनही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गमवावा लागला.

धावफलक पाहणाऱ्याला त्यात ३०९ चा आकडा दिसतो. मला मात्र २१ चा आकडा अधिक बोलका वाटतो. विवेक बाद झाले असते, तर त्या ३०९ धावा झाल्या नसत्या. दुसऱ्या टोकाला उभे राहणे, आपली विकेट सांभाळणे आणि भावाला खेळू देणे, एवढेच त्यांच्या वाट्याला आले होते. ते त्यांनी मन लावून केले.

धर्मनिहाय संघांच्या या स्पर्धेला महात्मा गांधींनी १९४० मध्येच आपली नापसंती जाहीर केली होती. १९४६ नंतर ती बंद पडली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडचा पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा भारताचे कर्णधार विजय हजारे होते. ज्याला ‘इतर’ म्हणून खेळावे लागले, त्याच्या हाती सर्वांचे नेतृत्व आले. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १८ डिसेंबर २००४ रोजी ते प्रभुवासी झाले.

वाडिया पार्कची संध्याकाळ

संत पौलाचा दाखला आपल्या जिल्ह्यात कसोटीला लागल्याचे दोन प्रसंग अलीकडचे आहेत. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेले अजिंक्य रहाणे डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न येथे भारताचे नेतृत्व करीत होते. आधीच्या अ‍ॅडलेड कसोटीत संघ ३६ धावांत कोसळला होता. मेलबर्नला रहाणे ११२ धावांवर खेळत असताना जोडीदाराने चोरट्या धावेसाठी हाक दिली आणि ते धावबाद झाले. अशा वेळी बॅट आपटणारे खेळाडू आपण पुष्कळ पाहतो. रहाणे तंबूकडे परतण्यापूर्वी जोडीदाराजवळ गेले आणि त्याला धीर देऊन मैदानाबाहेर आले. तो सामना भारताने ८ गड्यांनी जिंकला.

दुसरा प्रसंग नगर शहरातला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अखेर होती. पुण्याचे पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा पटकावली. परंतु लोकांच्या लक्षात राहिले ते वेगळेच. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत, आपली पाठ टेकलीच नव्हती असे वाटणाऱ्या एका नामांकित मल्लाने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. अखेरच्या लढतीतील दुसरा मल्लही पंचांशी वाद घालून कुस्ती अर्धवट टाकून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. त्यांची नावे येथे घेण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे तालमीत घाम गाळलेली ती माणसे आहेत.

पंचाचा निर्णय चूक की बरोबर, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. समजा, तो चूक होता. मग मल्लाने काय करावे? मला वाटते, आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांचा हाच प्रश्न आहे. भावाने बांध कोरला, सोसायटीत डावलले गेले, नोकरीत हक्क नाकारला गेला. दाद मागणे हा नियमाचाच भाग आहे. ती अवश्य मागावी आणि निकराने मागावी. पण हात उगारला, शिव्या दिल्या, चर्चला येणे सोडले, की आपण आखाडाच सोडला. अन्यायाची तक्रार करण्याची आपली जागाही मग आपण गमावतो.

येथे संत पौलाचे अखेरचे दिवस आठवतात. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पत्रात, मरण समोर दिसत असताना, आपली धाव पूर्ण झाल्याचे समाधान तो व्यक्त करतो आणि मुकुट देणारा प्रभू हा न्यायी न्यायाधीश आहे, असे सांगतो. रोमच्या न्यायासनाने त्याला दोषी ठरवले होते. माणसांचे पंच चुकू शकतात, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल? तरीही त्याने धाव मध्येच सोडली नाही; कारण अंतिम निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याची नजर चुकत नाही, अशी त्याची श्रद्धा होती.

दुसऱ्या टोकाची माणसे

आपल्या जिल्ह्यातील मिशनचा इतिहास वाचताना धर्मगुरूंची नावे सापडतात आणि ती सापडावीत हे योग्यच आहे. परंतु त्यांच्याबरोबर गावोगाव पायी हिंडून मुलांना अक्षरओळख करून देणारे, प्रार्थना शिकवणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे धर्मशिक्षक होते. लोक त्यांना नुसते ‘मास्तर’ म्हणत. दुष्काळात त्यांच्याही घरी चूल पेटत नसे. त्यांतील कितीतरी जणांची नावे आज त्यांच्या नातवंडांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत. मिशनच्या डावात त्यांच्या नावावर थोड्या धावा असतील, पण दुसऱ्या टोकाला ते उभे राहिले म्हणून डाव टिकला.

आपल्या धर्मग्रामात आजही अशी माणसे आहेत. अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून आहे, दारू सोडून रोज नव्याने स्वतःशी झुंजणारा गडी आहे, मुलांच्या फीसाठी उसाच्या फडात राबणारी विधवा माउली आहे. त्यांच्या झुंजीला हलगी नाही की प्रेक्षक नाहीत. पुढच्या रविवारी आपण मिस्साला याल, तेव्हा शेजारच्या बाकावर असे कोणी बसले आहे का, ते पाहावे आणि शांतिभेटीच्या वेळी त्याच्या हातात हात देताना थोडे अधिक थांबावे.