बोयावरची खूण



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तह, लढाया आणि राजवंश उभे राहतात. आज मात्र मी आपल्यापुढे एका क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूचा इतिहास मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे मासेमारीच्या जाळ्याला तरंगत ठेवणारा बोया.

किनारा दिसेनासा होऊन दोन दिवस झालेल्या एखाद्या खलाशाला पाण्यावर एक गोळा हेलकावताना दिसतो. त्याच्या मनात लागलीच दोन प्रश्न उभे राहतात. हे काय आहे? आणि हे कोणाचे आहे? पहिल्याचे उत्तर अनुभव देतो. सारख्या अंतरावर गोळ्यांची रांग दिसली तर खाली जाळे आहे. काठीवर निशाण आणि रडारला दिसावा म्हणून धातूचा पत्रा असला, तर बहुधा ते गळांच्या लांब दोराचे टोक आहे. असा दोर 100 किलोमीटरपर्यंत पसरलेला असू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अनुभवातून मिळत नाही. ते त्या गोळ्यावर कोणीतरी लिहून ठेवावे लागते. ते लिहावे असे माणसाला केव्हा वाटले आणि का वाटले, हाच आजचा विषय होय.

एकोणिसाव्या शतकात उत्तर समुद्रात हेरिंग मासा धरणारे कोळी रात्री आपली जाळी पडद्यासारखी पाण्यात सोडीत. वर पिंपे आणि बुचाचे तुकडे तरंगत, आणि नाव त्या जाळ्यांना बांधून घेऊन वाऱ्यापाण्याबरोबर वाहत जाई. ही रांग मैल-दीड मैल लांब असे. त्याच पाण्यात तळावरून जाळे ओढीत नेणारे ट्रॉलरही फिरत. अंधारात दोघांची गाठ पडली की हेरिंगवाल्याची जाळी फाटत. काही ट्रॉलर तर जाळी कापण्यासाठी धारदार लोखंडी आकडा बाळगीत. इंग्रज कोळ्यांनी त्याला ‘सैतान’ असे नाव दिले होते. सकाळी मालकाच्या हाती कापलेला दोर येई, आणि ज्याने कापला तो केव्हाच क्षितिजापार गेलेला असे. सारा हंगाम कर्जावर उभा करणाऱ्या कुटुंबाला ही आपत्ती लहान नव्हती.

अखेर 6 मे 1882 रोजी हेग येथे ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, डेन्मार्क आणि हॉलंड या सहा राष्ट्रांनी करार केला. आपापल्या किनाऱ्याच्या 3 मैलांपलीकडील, म्हणजे कोणत्याच राजाची सत्ता नसलेल्या पाण्यात काय चालावे हे त्यात ठरले. जाळी कापण्यापलीकडे ज्याचा उपयोग नाही असे प्रत्येक हत्यार वर्ज्य झाले. नावेवर अक्षरे आणि क्रमांक हवा, इतकेच सांगून करार थांबला नाही. तीच अक्षरे बोयांवर, जाळ्यांच्या मुख्य तरंगत्या गोळ्यांवर आणि नांगरांवरही घालावीत, आणि समुद्रात सापडलेले सामान ज्या बंदरात नाव परतेल तेथील अधिकाऱ्याच्या हवाली करावे, असे त्याने सांगितले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही खूण कोळ्याला हवीच होती, कारण ती त्याच्या मालकीचा पुरावा होती.

याच शतकात बोयाचे रूपही पालटत होते. 1840 नंतरच्या दशकात नॉर्वेमध्ये काचेचे पोकळ गोळे वापरात आले. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानने ते मोठ्या प्रमाणावर फुंकून घेतले. दोर तुटून सुटलेले कित्येक गोळे कुरोशिओ प्रवाहाबरोबर पॅसिफिक ओलांडून अलास्का, वॉशिंग्टन आणि ओरेगॉनच्या वाळूत जाऊन पडले. तेथील लोक ते हौसेने वेचीत. काहींच्या बुडाशी शिक्का असे. तो गोळा कोणत्या कारखान्यात घडला हे त्यावरून कळे. पण तो कोणत्या नावेचा, हे मात्र कळत नसे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, दुसऱ्याचे नव्हते.

तोवर त्याने फारसे बिघडतही नव्हते. सुताची आणि तागाची जाळी काही काळाने कुजून जात. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले, आणि प्लॅस्टिकने काचेला हुसकावले. नायलॉनचे जाळे कुजत नाही. मालकाने सोडले तरी ते मासे, कासवे, पक्षी धरीतच राहते. 1980 नंतरच्या दशकात पॅसिफिकमध्ये एकेका जहाजाची वाहती जाळी 40-50 किलोमीटर लांब होऊ लागली. तेव्हा 1991 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने, 1992 संपण्यापूर्वी खुल्या समुद्रातील अशी प्रचंड जाळी थांबवावीत, असा ठराव केला. त्याआधीच, 1988 च्या अखेरीस, प्लॅस्टिकची जाळी समुद्रात टाकून देण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय नियम अमलात आला होता. पण बेवारशी जाळे कोणी टाकले, हे सिद्ध कसे करावयाचे?

आज ट्यूना धरणारी जहाजे बांबूचे तराफे सोडतात. खाली सावलीला मासे जमतात, आणि तराफ्यावरील यंत्र उपग्रहाद्वारे आपला ठावठिकाणा मालकाला कळवते. मालकाला तो गोळा ठाऊक असतो. जगाला मात्र तो निनावीच राहू शकतो. म्हणून 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने मासेमारीच्या साधनांवर खूण घालण्याविषयी मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. ती ऐच्छिक आहेत, आणि माझ्या मते सारी अडचण येथेच आहे.

1882 च्या कोळ्याला पिंपावर आपली अक्षरे हवी होती, कारण त्याला पिंप परत हवे होते. आज त्याच खुणेने मालकाच्या हाती हक्काबरोबर जबाबदारीही पडते, आणि जबाबदारी ऐच्छिक ठेवली की ती घेणारे थोडेच निघतात. आपल्या कोकणच्या वाळूवर जाळ्याच्या तुकड्यांत पाय अडकलेले कासव येऊन पडते, तेव्हा त्या तुकड्यावर कोणाचेच नाव नसते. खुला समुद्र सर्वांचा आहे हे खरे. परंतु त्यात सोडलेली वस्तू ही कोणा एकाचीच असते. ते नाव तिच्यावर असावे, एवढीच मागणी या लहानशा बोयाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासातून निघते, आणि ती काही फार मोठी नाही.