उन्हातली पावले

संगमनेराहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखातल्या पहाटे साडेचार वाजता जाऊन उभे राहावे. प्रवरेच्या बाजूने थोडी गार झुळूक येत असते, दुधाच्या गाड्यांची ये-जा नुकतीच सुरू झालेली असते, आणि अंधारातून आधी पावलांचा आवाज येतो, मग माणसे दिसतात. ही आमची भरतीची पोरे. कुणाला पोलिसात जावयाचे असते, कुणाला लष्करात. त्यांतली दोन-चार मात्र निराळ्या खुळाची असतात. त्यांना हिवाळ्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, पुण्याला किंवा मुंबईला, बेचाळीस किलोमीटर धावावयाचे असते. आणि शर्यत हिवाळ्यात असली तरी तिची तयारी उन्हाळ्यातच करावी लागते. दिवाळीला फराळ खायचा तर चकलीची भाजणी आधी दळून आणावी लागते, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या उन्हाळ्यात यांतलाच एक पोरगा, माझा जुना विद्यार्थी, घरी आला. पायरीवर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, धावताना पाणी प्यावं का पिऊ नये? आमचे तात्या म्हणतात, अजिबात प्यायचं नाही. पोटात गोळा येतो, आणि पाणी पिणारा गडी ढिला पडतो."

मी लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण होते. हेच शब्द मी तीस वर्षांपूर्वी ऐकले होते आणि पाळलेही होते. तेव्हा मी शाळेत होतो. एप्रिलातल्या एका दुपारी आम्हां पोरांची धावण्याची चाचणी होती, आणि शर्यत संपेपर्यंत कुणी पाण्याला तोंड लावावयाचे नाही असा दंडक होता. दंडक घालणारे गृहस्थ आमचे वाईट चिंतणारे नव्हते. त्यांनाही त्यांच्या गुरूंनी तेच सांगितले असणार. दीड मैलावर माझ्या पुढे धावणारा माझा मित्र एकाएकी वाकडातिकडा चालू लागला, घाम येण्याचा थांबला आणि रस्त्याकडेच्या बाभळीखाली आडवा झाला. आम्ही त्याला विहिरीवर नेले, अंगावर पाणी ओतले. तो वाचला, आज सुखात आहे, नातवंडांची वाट पाहतो आहे. पण त्या दुपारी त्याचे अंग हाताला किती तापलेले लागले होते ते मी विसरलेलो नाही. तेव्हा या पोराला मी म्हटले, "चार दिवसांनी ये. मी जरा वाचतो."

मी इतिहासाचा पंडित नव्हे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला इतिहासाची जेवढी चव असते तेवढीच मला आहे. पण वाचता वाचता मौज वाटत गेली, आणि मौजेबरोबर थोडी भीतीही.

लांब पल्ला तुडवणे ही आमच्या मुलखाला काही नवी गोष्ट नव्हे. १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याची स्वारी आटोपून परतणाऱ्या शिवाजीमहाराजांना मोगली फौजेने याच संगमनेरच्या परिसरात गाठले. त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाइकांनी आडवाटेने काढून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. तिथे महाराजांनी विसावा घेतला म्हणून पट्ट्याचे नाव विश्रामगड पडले. पुढे पेशवाईत पत्रांच्या थैल्या घेऊन जासूदजोड्या पुण्याहून थेट हिंदुस्थानापर्यंत चालत-धावत जात. त्यांच्यामागून टपालाचे हरकारे आले, काठीला घुंगरू बांधून घाट चढणारे. या लोकांना उन्हाळा वर्ज्य नव्हता. पण एक लक्षात ठेवावे: ते टप्प्याटप्प्याने जात, उन्हाच्या वेळी झाडाखाली पडत, आणि विहीर दिसली की थांबत. शहाणपण त्यांच्या पायात होते, ते कुणी लिहून ठेवले नाही एवढेच.

धावण्याला शर्यतीचे रूप आले ते साहेबाच्या राज्यात, आणि त्यातला सर्वांत सुरस भाग घडला पुण्यात. १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. १९१९ च्या सुमारास सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी १९२९ साली ऑलिंपिकच्या प्रमुखांना, काउंट बाये-लातूर यांना, पाठविलेल्या एका पत्रात त्या दिवसांची हकीकत दिली आहे. धावणारी पोरे बहुतेक शेतकरी वर्गातली, गरिबीच्या अन्नावर वाढलेली. कसरतीचे शास्त्र नाही, मैदान धड सपाट नाही, पायात काही नाही. आणि तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळपास जाऊन बसत होत्या! दोराबजींच्या शेजारी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड बसले होते. त्यांना दोराबजी अर्धे थट्टेने म्हणाले, यांतल्या काहींना अँटवर्पच्या ऑलिंपिकला का पाठवू नये? थट्टा खरी ठरली. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला, आणि १९२० साली हिंदुस्थानचा पहिला संघ निघाला: धावणारे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी, कुस्तीला नवले आणि शिंदे.

यांतले फडेप्पा बेळगावचे. त्यांच्या नावावरून कानडी मुलूख आठवावा आणि धावण्यावरून आमचा दख्खन. हे गडी पुण्याच्या उन्हात तयार झाले. मार्च-एप्रिलचे पुणे आजच्याइतके नसले तरी तापतेच. फुफाट्याच्या वाटांवर अनवाणी धावणे म्हणजे काय हे ज्याने मे महिन्यात शेताच्या बांधावरून घर गाठले आहे त्याला सांगावे लागत नाही. उन्हाळा सरता सरता मंडळी मुंबईहून बोटीने निघाली, तांबड्या समुद्राच्या वाफेतून गेली, आणि लंडनला स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानावर काही आठवडे सराव करून बेल्जियमला पोहोचली.

आणि २२ ऑगस्ट १९२० रोजी, मॅरेथॉनच्या दिवशी, अँटवर्पला काय होते? गारवा आणि पाऊस! आयुष्यभर उन्हाशी सलगी केलेले गडी चिखलपाण्यातून धावले. अंतर होते ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आजच्या ठरीव मॅरेथॉनहून साडेपाचशे मीटर जास्तच. फिनलंडच्या हानेस कोलेहमाइननने २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत ती जिंकली. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. फडेप्पा २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. पदक नाही, पण पहिल्या वीसांत! इकडे कुस्तीत शिंद्यांचे कांस्यपदक एका कुस्तीने हुकले. मला राहून राहून वाटते, त्या दिवशी अँटवर्पला आमच्या चैत्रासारखे ऊन पडले असते तर फडेप्पांच्या पुढचे किती गडी रस्त्याकडेला बसले असते? इतिहासात 'तर' ला जागा नाही हे खरे. पण दिवाळी अंकात थोडी असावी.

कारण ऊन शर्यतीचे काय करते, हे त्याआधीच दोनदा दिसले होते. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईसला ऑगस्टच्या भर उन्हात मॅरेथॉन झाली. बत्तीस जण सुटले, चौदा पोहोचले. रस्ता धुळीचा, पुढे मोटारी, त्यांच्या धुळीत मागे धावणारे. पाणी वाटेत एक-दोन ठिकाणीच ठेविले होते, आणि तेही चुकून नव्हे. माणसाला तहानेत ठेविले तर काय होते हे संयोजकांना पाहावयाचे होते! जिंकणाऱ्या हिक्सला वाटेत पाण्याऐवजी कुचल्याचा अर्क, अंड्याचा पांढरा बलक आणि ब्रँडी पाजण्यात आली. तो जगला हे नवल.

१९१२ साली स्टॉकहोमला तशीच गत. उत्तरेकडचे गाव, पण त्या दिवशी पारा तिशीच्या वर चढला. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण सुतार. त्याने अंगाला चरबी की मेण चोळले होते असे सांगतात. घामाची वाटच बुजली. तो तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन एका बागेत शिरला, तिथे पेय घेऊन बसला, आणि कुणाला न सांगता मायदेशी निघून गेला. १९६७ साली, म्हाताऱ्या वयात, त्याला बोलावून ती शर्यत पुरी करविण्यात आली. वेळ नोंदविली गेली ५४ वर्षे ८ महिने आणि वर काही दिवस. पण आमच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोघांत आहे. पहिला मॅकार्थर, दुसरा गिटशॅम, दोघेही दक्षिण आफ्रिकेतून आलेले, उन्हाच्या देशातले. सांगतात की गिटशॅम पुढे होता, तो पाणी प्यायला थांबला आणि मॅकार्थर तेवढ्यात निसटला. आमच्या पोराचे तात्या हे ऐकून म्हणतील, "बघा, पाणी प्याला आणि हरला!" मी म्हणतो, प्याला आणि दुसरा आला, लाझारोला तेही मिळाले नाही.

हे ऊन अंगवळणी पडते कसे, याचा शोध क्रीडांगणावर नव्हे, खाणीत लागला. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खोल खाणींत १९२० नंतरच्या दशकात मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा डॉक्टरांना दिसले की नव्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण काम न देता हळूहळू तापमानाची सवय लावली तर तो तगतो. दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात शरीर काय काय करते पाहा: रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर आणि जास्त सुटतो, पण त्यातले मीठ कमी होते, आणि तेवढ्याच श्रमाला काळीज कमी धडधडते. मात्र ही कमाई साठवून ठेवण्याची नव्हे. दोन-तीन आठवडे गारव्यात काढले की ती ओसरू लागते. फडेप्पांची पुण्याची कमाई बहुधा लंडनच्या आठवड्यांतच निम्मी सरली असेल.

आता सांगण्याजोगी गोष्ट अशी की, एवढे सगळे दिसूनही तहानेचा दंडक मोडला नाही. १९५३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही मॅरेथॉनमध्ये पहिले पंधरा किलोमीटर पाणी देण्याची सोय नव्हती. पुढे तो नियम सैल होत गेला. आणि मग माणसाचे जसे होते तसे झाले, लंबक उलट्या टोकाला गेला. पाणी प्या, आणखी प्या, तहान नसली तरी प्या! २००२ सालच्या बोस्टनच्या शर्यतीत ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा तेरा टक्क्यांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मीठ, धोक्याइतके उतरलेले आढळले. त्या शर्यतीत जास्त पाण्यापायी एक बाई दगावलीही. तहानेने मरावे तसे पाण्यानेही मरता येते, हे आमच्या आजीला ठाऊक नव्हते. पण ती शेतावर नुसते पाणी कधी पाठवीत नसे. ताक असे, त्यात मीठ असे, फडक्यात कांदा-भाकरी असे.

आमच्या महाराष्ट्रातले अलीकडचे नामांकित धावपटू कुठून आले ते पाहिले की मला या आजीची आठवण होते. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावत वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेतले. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. माण म्हणजे दुष्काळाचे माहेरघर. ती २०१६ साली रिओला तीन हजार मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत दहावी आली. आणि अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेला सहा किलोमीटर पायी. बारावीनंतर फौजेत महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनच्या बर्फात राहिला, मग राजस्थानच्या वाळूत. २०२० साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत काढली आणि २०२३ साली हांगझोऊला आशियाई सुवर्ण घेतले. कोरड्या मुलखाने यांना घडविले असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच मुलखात किती पोरे पाण्यावाचून, अन्नावाचून मागे राहिली त्यांची यादी कुणी केलेली नाही, म्हणून तो मोह मी आवरतो.

तिकडे जगाने उन्हापुढे हात टेकले आहेत. २०१९ साली दोहाला बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री सुटली, तरी बत्तीस अंशांवर पारा. अडुसष्टांपैकी चाळीसच पोहोचल्या. टोकियोच्या ऑलिंपिकची मॅरेथॉन उन्हाच्या धास्तीने दूर उत्तरेला सापोरोला नेली. आमच्या पोराला शर्यत हलवून कोण देणार? त्याचा रस्ता हाच, ऊनही हेच.

चार दिवसांनी तो आला तो एकटा नव्हे. तात्या बरोबर होते. मी त्यांना फडेप्पांची गोष्ट सांगितली, लाझारोचीही सांगितली. तात्या ऐकत होते, तंबाखू मळत होते. मी पोराला म्हटले, "पहिले पंधरा दिवस निम्मेच धाव, आणि सावकाश. मग वाढव. तहान लागली की पी, घोट घोट, घटाघट नको. घामाचे मीठ अंगावर पांढरे उमटले तर पाण्यात लिंबू-मीठ घाल. आणि डोके गरगरले, घाम थांबला, थंडी वाजल्यासारखे झाले, तर शर्यत गेली खड्ड्यात. सावलीत बैस, अंगावर पाणी घे, आणि कुणाला तरी हाक मार. एकटा धावू नकोस."

"आणि गोळा आला तर?" तात्यांनी विचारले.

"गोळा आला तर थोडे चालावे. गोळ्याने कुणी मेलेले मी वाचले नाही."

तात्या काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात मी पहाटे त्या रस्त्याने गेलो तेव्हा त्यांच्या मळ्याच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक माठ होता, आणि त्यावर उपडा ठेवलेला पितळी तांब्या. म्हातारा बाजेवर बसला होता. पावलांचा आवाज आला तसा तो उठला आणि तांब्या भरू लागला.