प्रीएनी
आशिया मायनरच्या आयोनिया प्रदेशातील एक प्राचीन ग्रीक नगर. त्याचे अवशेष तुर्कस्तानच्या आयदिन प्रांतात, ग्युल्लुबाह्चे या गावालगत मिकाली पर्वताच्या दक्षिण उतारावर आहेत. ग्रीकांच्या सप्त ज्ञानी पुरुषांपैकी बायस (इ. स. पू. सहावे शतक) हा प्रीएनीचा रहिवासी होता. इराण्यांविरुद्धच्या लाडी येथील नाविक युद्धात (इ. स. पू. ४९४) या नगराने १२ जहाजे पाठविली होती. सध्याच्या स्थळी ते इ. स. पू. चौथ्या शतकाच्या मध्यास नव्याने वसविण्यात आले.

उतार तीव्र असूनही नगराची आखणी काटकोनी आहे. पूर्व-पश्चिम रस्ते उताराला समांतर व सपाट असून त्यांना छेदणारे दक्षिणोत्तर मार्ग बहुतेक ठिकाणी पायऱ्यांचे आहेत. त्यांमुळे पडलेले चौक सु. ४७ × ३५ मी. आकाराचे असून घरे, बाजारचौक व मंदिरे यांच्या जागा याच मापाने ठरविल्या आहेत. पर्वतातील झऱ्यांचे पाणी मातीच्या नळांतून नगरात आणीत. सु. ६४० लोक बसू शकतील असे चौरस सभागृह आणि रंगमंचासह टिकून राहिलेले नाट्यगृह येथील नागरी जीवनाची कल्पना देतात. अथीनाचे आयोनिक शैलीतील मंदिर पिथिऑस या वास्तुविशारदाने बांधले. हॅलिकार्नॅसस येथील मॉसोलियमशीही त्याचे नाव निगडित आहे. हे मंदिर अलेक्झांडरने अर्पण केल्याचा कोरीव लेख ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहे.

ज्या मीअँडर (सांप्रतची ब्यूक मेंडेरेस) नदीने येथील खोरे सुपीक केले, तिच्याच गाळाने प्रीएनीला समुद्रापासून तोडले. पूर्वी समुद्रकाठी असलेले हे नगर आपल्या काळी ४० स्टेडिया (सु. ७ किमी.) आत गेल्याचे स्ट्रेबोने नमूद केले आहे. बंदर गेले, व्यापार ओसरला व मिलेटसप्रमाणे येथे रोमन काळात भव्य बांधकामे झाली नाहीत. मात्र या दारिद्र्यामुळेच ग्रीकांश काळातील नगररचना नंतरच्या इमारतींखाली गाडली न जाता बव्हंशी मूळ स्वरूपात राहिली. बायझंटिन काळात येथे बिशपचे पीठ होते. पुढे नगर ओस पडले.

येथील विस्तृत उत्खनन १८९५–९८ दरम्यान कार्ल हूमान व त्याच्यानंतर टेओडोर व्हीगांट यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यात सापडलेल्या एका लेखावरून, रोमन आशिया प्रांताने इ. स. पू. ९ च्या सुमारास ऑगस्टसचा जन्मदिवस हा वर्षारंभ मानल्याचे समजते.

पूर्वेकडील वेशीतून चढून येणाऱ्या प्रवाशास प्रथम झिजलेली फरसबंदी व घरांचे चौथरे लागतात. वरच्या चौथऱ्यावर अथीना मंदिराचे पुन्हा उभारलेले पाच स्तंभ असून इतर स्तंभांचे तुकडे भोवती विखुरलेले आहेत. तेथून दक्षिणेस दिसते ते शेतांचे सपाट मैदान. एके काळी तेथे समुद्र होता. आज तो सु. १५ किमी. दूर आहे.