देणगी कोणाची, विद्यापीठ कोणाचे?

आमचे सूस 2021 साली पुणे महापालिकेत आले. गावातून पुढे लवळ्याकडे निघाले, की खासगी विद्यापीठांची आवारे लागतात. ती पाहून माझे पाहुणे हमखास विचारतात, "खासगी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात प्राध्यापकाला मोकळेपणाने बोलता येते का हो?"

प्रश्न जुनाच आहे. पुण्याने तो फार पूर्वी अनुभवला आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली हिंगण्याला महिला विद्यापीठ काढले, तेव्हा महाविद्यालयात अवघ्या 5 विद्यार्थिनी होत्या. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीची. पदव्यांची नावेही 'गृहीतागमा', 'प्रदेयागमा' अशी आपल्या वळणाची. सरकारची मान्यता नव्हती. अण्णा दारोदार फिरून वर्गणी जमवत. 1920 साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी जाहीर केली. दरवर्षी तिचे 52,500 रुपये व्याज मिळू लागले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले.

सर विठ्ठलदास गेल्यावर काही वर्षांनी त्यांचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाले. व्याज थांबले. एकाच देणगीवर संसार बेतला की काय होते, ते तेव्हा कळले. अखेर तडजोड झाली आणि 1936 साली मुख्यालय मुंबईला गेले. नाव दिले, गाव सोडले. पण मातृभाषेतून शिकवण्याचा हेतू सोडला नाही. 1951 साली कायद्याची मान्यता मिळाली ती याच विद्यापीठाला.

मग देणगीदार पुष्कळ असले म्हणजे झाले का? हरियाणातले अशोका विद्यापीठ अनेक उद्योजकांनी मिळून उभारले. तेथून 2021 साली प्रताप भानू मेहता यांनी राजीनामा दिला. आपण संस्थेला राजकीयदृष्ट्या अडचणीचे ठरतो, हे संस्थापकांशी बोलताना स्पष्ट झाले, असे त्यांनी लिहिले. 2023 साली 2019च्या निवडणुकीवरील शोधनिबंधामुळे वाद झाला, विद्यापीठाने हात झटकले आणि सब्यसाची दास बाहेर पडले.

म्हणून देणगीदार किती, यापेक्षा रेघ कुठे ओढली आहे हे महत्त्वाचे. इमारतीला नाव कोणाचे, हे दात्याने खुशाल सांगावे. काय शिकवायचे आणि काय शोधायचे, हे मात्र शिक्षकांनीच ठरवावे. ही गोष्ट देणगी घेतानाच कागदावर यायला हवी. प्रवेश घेताना पालक शुल्क विचारतात, नोकरीचे विचारतात. त्यांनी हेही विचारायला हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)