कंपाउंड धनुष्य : श्रेय साधनाचे की कौशल्याचे?

कंपाउंड धनुष्याच्या टोकांवरील चाकांमुळे प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर हातावरील भार बराच घटतो; भिंग नेम धरण्यास साह्य करते. मग श्रेय धनुष्याचे की धनुर्धराचे?

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमधील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या १७ वर्षीय अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरावर १४९-१४७ अशी मात करून वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. पन्नास मीटरवरून १५ बाणांत तिने अवघा एक गुण गमावला. दोघींच्या हाती कंपाउंड धनुष्येच होती.

ही साधने महाग असल्याने सामान्य घरातील मुलांना प्रवेशच कठीण जातो. मात्र अंतिम लढतीत निर्णायक ठरते ती मनाची स्थिरता. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाल्याने साताऱ्यासारख्या शहरांत साधनांची उपलब्धता अधिकच महत्त्वाची ठरणार आहे.