सिंगापूरला परभणी नाही

मंडळी, मी जिथे काम करतो त्या भागाचं नाव वन-नॉर्थ. सिंगापूर विषुववृत्ताच्या साधारण एक अंश उत्तरेला, म्हणून हे नाव! जेमतेम २०० हेक्टरचा परिसर. इमारतींची नावं भारदस्त: प्रोटिओस, जीनोम, हेलिऑस. एकीचं नाव चक्क सिम्बायोसिस आहे, पण पुणेकरांनी लगेच खूश होऊ नये, त्यांच्या सिम्बायोसिसशी तिचा संबंध नाही. :-) भारतातून आलेले पाहुणे हे सगळं बघून हमखास विचारतात, "आपल्याकडे असं का होत नाही?" म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

सुरुवात काही काचेच्या इमारतींनी झाली नाही. १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे अल्बर्ट विन्सेमियस हे डच अर्थतज्ज्ञ इथे आले. तेव्हा बेकारी हा मोठा प्रश्न होता. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६१ मध्ये पश्चिमेकडे जुरोंगच्या दलदलीत औद्योगिक वसाहत उभारायला घेतली. सुरुवातीला भूखंडांना गिऱ्हाईकच नव्हतं. लोक त्याला 'गोहसाहेबांचा वेडेपणा' म्हणत! १९६८ मध्ये त्यासाठी जुरोंग टाउन कॉर्पोरेशन हे वेगळं महामंडळ निघालं. कारखान्यांसोबत तिथे घरं आणि बागाही आल्या. २००१ मध्ये याच महामंडळाने (आता नुसतं जेटीसी) वन-नॉर्थ सुरू केलं. आराखडा झाहा हदीद यांचा. २००३ मध्ये जैवविज्ञानासाठी बायोपोलिस उघडलं, २००८ मध्ये फ्युजनोपोलिस.

आता जागा बघा. राष्ट्रीय विद्यापीठ, त्याचं रुग्णालय आणि १९८० च्या दशकातलं सायन्स पार्क, सगळं हाकेच्या अंतरावर. म्हणजे जिथे आधीच काही रुजलेलं होतं, तिथेच आणखी पाणी घातलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाने तक्रार करण्याचं कारण नाही, कारण तिथला माणूस सकाळी मेट्रोने इथे येतो आणि रात्री घरी जेवायला असतो. सिंगापूरला परभणी नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

मी परभणीचा. 'अनुशेष' हा शब्द आम्ही बाराखडीबरोबरच शिकतो. खरं तर आपली एमआयडीसी १९६२ ची, म्हणजे जेटीसीपेक्षा वडील! मागास भागात जाणाऱ्या उद्योगांना १९६४ पासून सवलतीही आहेत. तरी १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष मोजला, तो तीन हजार कोटींच्या वर भरला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

सवलतींचा उपयोग झालाच नाही असं नाही हं. औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग बनवणारे त्याच्याभोवती जमले. पण त्या शहरात १९५८ पासून विद्यापीठ होतं, १९६० पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. नुसत्या भूखंडाला आणि करमाफीला फळ धरत नाही, मुळं लागतात.

मग परभणीने काय करायचं? तिथेही बायोपोलिस बांधा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे! आमचं राष्ट्रीय विद्यापीठ म्हणायचं तर तेच. बियाणं, प्रक्रिया, अवजारं, माती-पाण्याच्या तपासण्या, असे उद्योग बसवायचे तर त्याच्या शेजारी बसवावेत, आणि सरकार कुठलंही येवो, तीस-चाळीस वर्षं तो हट्ट सोडू नये. वन-नॉर्थकडून उचलण्यासारखं एवढंच आहे. काचा नाही उचलल्या तरी चालेल.

अनुशेष रुपयांत मोजता येतो. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं आज पुण्यात आहेत, मी इथे. आम्हाला कुणालाच रात्री परभणीला जेवायला जाता येत नाही. तो अनुशेष कुठल्या रकान्यात धरायचा, ते सांगा.