पोटावर जुना व्रण असताना ‘टमी टक’

बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच घटल्यावर ओघळलेले पोट सुडौल करण्यासाठी ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’ अर्थात ‘टमी टक’ ही शस्त्रक्रिया केली जाते. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन त्वचा व चरबीचा थर बरगड्यांच्या दिशेने स्नायूंपासून सोडवला जातो, सैल स्नायू टाक्यांनी जवळ आणले जातात आणि जादा त्वचा काढून उरलेली खाली ओढून शिवली जाते. पोटावर आधीच्या शस्त्रक्रियेचा व्रण असल्यास मात्र विशेष दक्षता आवश्यक ठरते.

याचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. ह्यूगर यांनी १९७९ मध्ये पोटाच्या त्वचेच्या रक्तपुरवठ्याचे तीन विभाग मांडले. टमी टकमध्ये मध्यभागातून येणाऱ्या बहुतेक रक्तवाहिन्या कापल्या जातात. त्यानंतर ही त्वचा मुख्यतः दोन्ही कुशींकडून येणाऱ्या रक्तावर जगते. जुन्या व्रणाने तोही मार्ग तोडलेला असेल, तर त्वचा काळी पडून मृत होण्याचा धोका असतो.

कोणता व्रण किती धोक्याचा?

सिझेरियनचा आडवा व्रण बहुधा काढून टाकायच्या त्वचेतच येतो, त्यामुळे तो फारसा अडसर ठरत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे छोटे व्रणही सहसा त्रासदायक नसतात. पित्ताशयासाठी उजव्या बरगडीखाली घेतलेला लांब तिरका छेद सर्वांत चिंतेचा. त्याच्या खालच्या त्वचेला कुशीकडून मिळणारे रक्त तो अडवतो. बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असल्यास बेंबीचा रक्तपुरवठाही क्षीण झालेला असू शकतो.

पूर्वतयारी

जुन्या व्रणाखाली हर्निया दडलेला असू शकतो. तो लक्षात न आल्यास त्वचा सोडवताना आतड्याला इजा होऊ शकते. म्हणून तपासणीत शंका आल्यास सोनोग्राफी वा सीटी स्कॅन करून घेतात. धूम्रपान शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे व नंतरही काही आठवडे बंद हवे. मधुमेह आटोक्यात असावा.

शस्त्रक्रियेत त्वचा शक्य तितकी कमीच सोडवणे, कुशीकडील रक्तवाहिन्या राखणे, सोडवलेल्या भागावर जोरकस लायपोसक्शन टाळणे आणि ताण न देता टाके घालणे, ही सुरक्षिततेची सूत्रे होत. काही रुग्णांत जुन्या व्रणातूनच छेद घेतला जातो किंवा केवळ नाभीखालील मर्यादित शस्त्रक्रिया केली जाते.

रुग्णाने आधीच्या सर्व शस्त्रक्रियांची कागदपत्रे प्लास्टिक सर्जनला दाखवावीत. ही शस्त्रक्रिया बहुधा ऐच्छिक असते. धोका मोठा असेल, तर ‘करू नका’ हा सल्लाही हिताचाच मानावा.